सिकामोरच्या ओळीपलीकडचा बांध

मी, खाली सही करणार ओपल रॅटलिफ, कै. अर्विन रॅटलिफ यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे, राहणार स्टिलहाउस खोरे, केंटकी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्याच हाताने लिहिते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही असे प्रुइट वकिलांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न माझ्या जावयाने एकदा केला होता, त्याचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले, तेव्हा ते रद्द झाले आहेच.

वकील म्हणाले, "ओपलबाई, आम्ही टाइप करून देतो, दोन पानांत आटपेल." मी म्हटले, दोन पानांत आटपायला मी काय दोन पानांएवढीच जगले का? शिवाय हा खटाटोप घरासाठी नाहीच. माझ्यामागे माझे नेमबाजीचे मैदान चालू राहते की त्यात गवत माजते, एवढीच मला चिंता आहे. बाकीचे आधी उरकून घेते.

कलम एक. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी व्हॅनेटा हिला मिळावे. पडवीतला झोपाळाही तिचाच. त्यावर तिचा नवरा बसेल हे मला ठाऊक आहे, पण झोपाळ्याला मी काय सांगणार?

कलम दोन. खोऱ्यातील स्वयंसेवी अग्निशमन दलाला फळे भरलेला गोड 'पाय' भाजायचे काचेचे एक भांडे परत करावे. भांडे कोरे आहे, त्यात मी कधी काहीही भाजले नाही. त्याची हकीकत नोंदवून ठेवणे भाग आहे, कारण मैदानाचा उगम तिथेच आहे.

दर नोव्हेंबरात दलाच्या शेतावर नेमबाजी असे. नाव टर्की पक्ष्याचे, पण बक्षीस म्हणून वर्षभर धुरावलेला हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी. जाड कागदावर फुली, दुरून छर्ऱ्याचा एक बार, आणि फुलीच्या सर्वांत जवळ ज्याचा छर्रा, त्याचा हॅम. तोवर बाया तिथे फक्त घरी भाजलेले गोड 'पाय' विकायला जात. मी माझी बंदूक घेऊन गेले आणि रांगेत उभी राहिले. कोणी नाही म्हणाले नाही, कारण अर्ध्या रांगेला मी शाळेत नेऊन सोडलेले होते. माझा छर्रा फुलीला चिकटून होता. पंच होता हॉबर्ट स्लोन, ओढ्यापलीकडचा माझा शेजारी, लाकडाच्या गिरणीचा मालक आणि खोऱ्यातला सर्वांत हट्टी माणूस. त्याने भिंग लावले, दुसऱ्या एकाचा कागद पाहिला, पुन्हा माझा पाहिला, आणि म्हणाला, "तुझा रेषेला लागून आहे, ओपल. त्याचा रेषेवर आहे." हॅम गेला. मग सगळ्यांनी डोकी एकत्र करून जागच्या जागी एक महिला विभाग काढला आणि त्याचे पहिले बक्षीस म्हणून मला हे भांडे दिले. महिला विभागात मी एकटीच होते.

त्या दिवसापासून मी हॉबर्टशी बोलणे सोडले. तसे ओढ्यावरून काही ना काही ओरडत असू, पण त्याला बोलणे म्हणत नाहीत. त्यानेही माझ्याकडून कधी काही घेतले नाही. अर्विनने एकदा टोमॅटो पाठवले, तर टोपली आहे तशी कुंपणावर परत आली.

कलम तीन. या कलमात मैदान म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढे कोणी "कसले मैदान?" असे विचारायला नको.

दलाच्या शेतात पुन्हा पाऊल टाकायचे नाही असे ठरवल्यावर नेम धरायला जागा हवी होती. अर्विन म्हणाला, "अगं, कोठाराच्या मागे डबे मांड आणि उडव." तो स्वतः तसेच उडवत आल्यामुळे कोठाराची चाळण झाली होती आणि आतली गाय दूध देईनाशी झाली होती. मी ओढ्याकाठचा सखल तुकडा निवडला. मागे टेकडी, जवळपास घर नाही, आणि तोंड उत्तरेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ डोळ्यांवर ऊन नाही. ओढ्याच्या अलीकडच्या काठाला मातीचा उंच बांध घातला. सुटलेली गोळी कोणाचे ऐकत नाही, तिला मातीच थांबवते. पहिल्या वर्षी ओढ्यातले गोटे तसेच बांधात गेले. एक गोळी गोट्यावर आपटून उलटी आली आणि अर्विनच्या हातातला लिंबू-सरबताचा पेला तेवढा घेऊन गेली. मग मी उन्हाळाभर ती सगळी माती चाळली. पुरुषमंडळी कुंपणावर टेकून विचारत, "ओपल, बांध घालतेयस की केक करतेयस?" त्याच पुरुषमंडळींची नातवंडे आज तिथे बंदूक धरायला शिकतात.

छपराखाली बंदूक टेकवून नेम धरायची टेबलवजा बाकं आहेत, आणि तिथून बांधापर्यंत मोकळी जमीन आहे. मध्येच सिकामोरच्या झाडांची एक आडवी ओळ आहे. नेमाला वाट हवी म्हणून मी त्यातली दोन झाडे तोडली. ती हॉबर्टची गिरणी समोर असताना मुद्दाम शेजारच्या जिल्ह्यात कापायला नेली.

भंगारात गेलेल्या माझ्या बसचे दोन आरसे मी बाकांवर बसवले आहेत, म्हणजे नेम धरणाऱ्याला पाठीमागून कोण येते ते दिसते. आणि मुले चढता-उतरताना रस्त्यावरची सगळी वाहने थांबवायला बसच्या कुशीतून बाहेर येणारी लाल 'थांबा' पाटी खांबावर बसवली आहे. ती उघडली की सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून खाली ठेवायच्या. इतर ठिकाणी लाल झेंडे असतात, भोंगे असतात. इथे पाटी पुरते, कारण या खोऱ्यातला प्रत्येक माणूस लहानपणी त्या पाटीला घाबरलेला आहे. एकदा शेरिफचा माणूस बारच्या ऐन मध्यावर पाटी पाहून असा थिजला की मला त्याला "उतर बाळा, घर आलं" म्हणावेसे वाटले.

कलम चार. माझा जावई डॅरेल याला काहीही मिळू नये. त्याने त्याचे आधीच खाल्ले आहे.

बांध मातीचा असतो. पावसाने त्याला ओघळी पडतात, गवत नसले तर दोन हिवाळ्यांत तो बसतो. माझा बांध मात्र, दर नोव्हेंबरात मी मैदानावर माझी स्वतःची हॅमची स्पर्धा भरवते, तिच्या आधी नीट केलेला असे. ओघळी बुजवलेल्या, तीन पानांचे क्लोव्हर गवत पेरलेले, कडा रेखलेल्या. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा डॅरेल तिथे खिशात हात घालून उभा होता. मी म्हटले, "हे तू केलंस?" तो म्हणाला, "आता आई, एवढं काय त्यात." हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याला एक हॅम दिला. पुढच्या वर्षीही दिला. ज्या वर्षी अर्विन गेला त्या वर्षी मी स्पर्धा भरवली नाही, मैदानाकडे फिरकलेही नाही. तरी वसंतात पाहते तो बांध हिरवागार. मला भरून आले. त्या वर्षी मी डॅरेलला दोन हॅम दिले आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याचे नाव घेतले. तो मान खाली घालून बसला होता. मला वाटले, केवढा हा विनय!

दबावाचे म्हणाल तर मैदान विकून तिथे सहलवाल्यांसाठी लाकडी खोल्या बांधाव्यात असे तो म्हणाला होता. हॅम खाता खाता म्हणाला.

कलम पाच. अर्विनची रायफल आणि माझी छर्ऱ्याची बंदूक व्हॅनेटाची मुलगी, माझी नात केल्सी हिला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि जीभ माझ्याइतकीच चालते. खोऱ्यातल्या मुलांना दर शनिवारी तीच शिकवते. मी आता फक्त पाटीजवळ बसते. तिला मी विचारले होते, "मी गेल्यावर तू शहरात जाशील ना?" ती म्हणाली, "आजी, मैदान असेल तर मी आहे. मैदान नसेल तर इथे राहून काय डॅरेलपप्पांचा झोपाळा ढकलू?"

कलम सहा. आता मुख्य मुद्दा.

मृत्युपत्रासाठी जमीन मोजून घ्या, असे वकिलांनी सांगितले म्हणून मागच्या महिन्यात टॅकेट नावाची मोजणीदार मुलगी आली. ही माझ्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून चिंगम चिकटवायची. दिवसभर तिने दुर्बीण लावली, खुणा ठोकल्या, आणि शेवटी सिकामोरच्या ओळीत उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचं इथपर्यंतच."

मी म्हटले, "इथपर्यंत कसं? हद्द ओढा आहे. कागदात लिहिलंय, सिकामोरपासून ओढ्याच्या वळणावळणाने."

"हो, पण कोणत्या ओढ्याच्या?" ती म्हणाली. "बाई, सिकामोर पाण्याच्या कडेला वाढतं. ही एवढी झाडं कोरड्यात एका ओळीत कशाला उभी राहतील? जुना ओढा इथून वाहायचा. मोठ्या पुरात एका रात्रीत त्याने उडी मारली आणि तिकडे गेला. ओढा हळूहळू सरकला तर हद्द त्याच्याबरोबर सरकते. उडी मारली तर हद्द जागेवरच राहते."

पूर आम्ही ही जमीन घ्यायच्या आधीचा. मी ती झाडे इतकी वर्षे पाहिली, त्यांतली दोन पाडली, त्यांच्या मधून हजारो गोळ्या घातल्या, पण ती तिथे का उभी आहेत हे मनात आले नाही. थोडक्यात, बाकं माझी, पाटी माझी, आणि चाळून चाळून घातलेला बांध हॉबर्ट स्लोनच्या जमिनीवर. बांधाशिवाय माझे मैदान म्हणजे आरसे लावलेली जेवणाची टेबले.

मी मान वर केली तर हॉबर्ट ओढ्याच्या पलीकडे. खांद्यावर फावडे, हातात बियाण्याची पिशवी. तो पाण्यातले दगड ओलांडून अलीकडे आला.

"कळलं का?" तो म्हणाला. "बरीच वर्षं लागली तुला."

"तुला ठाऊक होतं?"

"बापाने दाखवली होती हद्द. तू बुलडोझर आणलास त्या दिवशी मी इथेच उभा होतो."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तूच म्हणाली होतीस, माझ्याशी बोलू नकोस. मी नाही बोललो." मग त्याने झाडांकडे पाहिले. "तोडलेल्यांपैकी एक माझं होतं. आणि कापायलाही दुसऱ्याकडे नेलंस."

मी त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहत होते. "हे गवत..."

"माझ्या जमिनीला ओघळी पडलेल्या मला खपत नाहीत," तो म्हणाला. "डॅरेल येतो कधी कधी. बघत उभा राहतो. त्याला म्हणे तू दर वर्षी हॅम देतेस. चांगला असतो का?"

टॅकेट मुलीने दुर्बिणीत डोळा घातला आणि वर काढलाच नाही. तिचे खांदे हलत होते. मला त्या क्षणी डॅरेलचा इतका राग आला की हॉबर्टवर रागवायचे राहून गेले. रात्री मात्र मला रडू आले, हे मी इथे लिहून ठेवते. अर्विन गेला त्या वर्षीचे ते हिरवे गवत मला सारखे दिसत होते. मी चुकले असे मी म्हणत नाही. छर्रा रेषेवरच होता. पण माणूस ओळखण्यात मी कमी पडले, एवढे मान्य.

वकिलांना हे सांगितले तर ते खुशीत येऊन म्हणाले, "काळजी नको. इतकी वर्षं उघडपणे वापरताय, कोर्टात दावा लावू, बांध तुमचा होईल." मी त्यांना विचारले, ज्या माणसाने इतकी वर्षे माझा बांध राखला त्याच्याकडून तो मी कोर्टातून हिसकावून घेऊ? ते म्हणाले, कायदा तसा आहे. मी म्हटले, मग तो तुमच्या कपाटातच राहू द्या.

कलम सात. पण हॉबर्ट माझ्याहून मोठा आहे आणि त्याला मूलबाळ नाही. त्याच्यामागे जमीन जाईल लेक्सिंग्टनच्या पुतण्याकडे, आणि तो ती पहिल्या गिऱ्हाइकाला विकेल. म्हणून, बाकं, छप्पर, आरसे, पाटी आणि बाकांपासून सिकामोरपर्यंतची जमीन मी केल्सी रॅटलिफ-हॉल आणि हॉबर्ट स्लोन या दोघांना निम्मी निम्मी देते. बदल्यात त्याच्यावर कोणतीही अट नाही. बांधाचे काय करायचे ते त्याने ठरवावे. माझी इच्छा काय आहे ते त्याला समजते. हॉबर्ट हट्टी आहे, मठ्ठ नाही. शिवाय तो जिवंत असेपर्यंत त्याला दर स्पर्धेत एक हॅम मिळावा, मग त्याचा छर्रा झाडाला लागो.

हे त्याला तोंडाने सांगायचे धाडस मला नाही. टोमॅटो परत करणारा माणूस अर्धे मैदान घेईल याची खात्रीही नाही. नाही म्हणणे त्याला जड जाणार नाही, ते ऐकणे मला जाईल. म्हणून मी एक युक्ती केली आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा बाद होतो, असे वकील सांगतात. मी हॉबर्टचे नाव पहिला साक्षीदार म्हणून लिहिले आहे. त्याला हे वाचायला देईन आणि पेन हातात ठेवीन. घ्यायचे नसेल तर त्याने फक्त सही करावी. एक अक्षर बोलावे लागणार नाही आणि आम्ही दोघेही वाईट दिसणार नाही. तसे झाले तर केल्सीने बाकं चर्चच्या अंगणात जेवणासाठी द्यावीत, बंदुका कपाटात ठेवाव्यात आणि जिथे पोट भरेल तिथे जावे. माझा कोणावर राग नाही असे समजावे.

कलम आठ. माझ्या मयताला बंदुकीच्या फैरी नकोत. मैदानावर सगळ्यांनी उभे राहावे, केल्सीने पाटी उघडावी आणि सगळे गप्प झाले की बंद करावी. मग जेवायला बसावे. घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव भरपूर करावा. हॅम कापायला डॅरेलला बसवावे, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

पुरवणी. वरचे लिहून झाल्यावर आज दुपारी हॉबर्ट आला. मोजणीदार टॅकेट आणि चर्चचे धर्मगुरू अँबर्गी हेही साक्षीसाठी आले होते. केल्सी ओट्याला टेकून उभी होती. हॉबर्ट टोपी काढून माझ्या स्वयंपाकघरात बसला. लग्नाच्या वेळच्या माझ्या पडद्यांकडे पाहिल्यासारखे केले आणि चष्मा लावून सगळे मृत्युपत्र पहिल्यापासून वाचले. कलम दोन त्याने दोनदा वाचले.

"लागूनच होता," तो म्हणाला.

"रेषेवर होता," मी म्हटले.

मग तो कलम सातवर आला. फार वेळ लागला. कॉफी गार झाली. केल्सी तोच पेला फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होती. शेवटी त्याने पेन उचलले, टोपण काढले आणि कागद पुढे ओढला. मी खिडकीबाहेर पाहू लागले. माझ्या मनाने बाकं चर्चच्या अंगणात नेऊन ठेवलीसुद्धा.

पेनाचे टोपण पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"मी याच्यावर सही केली तर माझा हॅम जाईल," हॉबर्ट म्हणाला. "एकदा तुझा घालवला, तेवढं पुरे झालं."

धर्मगुरूंना काही कळले नाही. केल्सीला कळले. तिने तोंडावर फडके धरले आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

मला काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हटले, "मग आता साक्षीदार कुठून आणू?"

"हे दोघे आहेत की. मलाच एक हवाय." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. ते त्याचे मृत्युपत्र होते, आणि खालची तारीख टॅकेट येऊन गेली त्याच आठवड्यातली, म्हणजे माझे वाचायच्या कितीतरी आधीची. त्याच्या बोजड अक्षरात चारच ओळी होत्या. बांध आणि बांधाखालची जमीन केल्सी हिला. पुतण्याला गिरणी आणि उरलेले.

"तू कर सही," तो म्हणाला. "तुला चालतं. तुला यात काहीच ठेवलेलं नाही."

मी सही केली. डोळ्यांतले पाणी कागदावर पडले तर अक्षर फिसकटेल म्हणून कागद लांब धरून केली. तो म्हणाला, "नीट कर, ओपल. रेषेला लागून नको, रेषेवर कर."

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, हसून आणि थोडे रडून कायम केला आहे.

(सही) ओपल रॅटलिफ

साक्षीदार:
१. ~~हॉबर्ट स्लोन~~. नाव मी स्वतः खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची व आनंदाची.
२. (सही) मेलिसा टॅकेट, मोजणीदार
३. (सही) धर्मगुरू हार्लन अँबर्गी

स्थळ: स्टिलहाउस खोरे, केंटकी. दिनांक ९ नोव्हेंबर २०१९, स्पर्धेच्या आदल्या शनिवारी. बांधावर गवत उगवले आहे.